आठचा भोंगा

मुलांच्या किडनी विभागात सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या सिस्टरला तोंडावर सगळे सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे भोंगा. हे तिला ठाऊक होतं. एकदा सकाळी तिने फोन लावला, तर पलीकडे सहा वर्षांच्या पेशंटने तो उचलला आणि फोन बाजूला न करताच ओरडला, "आई, भोंगा आला गं." त्यावर आईची जी त्रेधातिरपीट उडाली, ती सिस्टर आजही नव्या नर्सेसना साग्रसंगीत करून दाखवते. राग बिलकूल आला नव्हता, असं ती म्हणते. पुढे दोन दिवस त्या आईशी बोलली नव्हती, हेही तीच सांगते.

खरं तर ही सगळी गोष्ट तीच सांगते, आणि सांगताना स्वतःला अजिबात सोडत नाही. आपण नुसतं तिच्या मागोमाग चालायचं.

भोंग्याचं कारण साधं होतं. ज्या मुलांना आईची, बापाची, मावशीची किडनी बसवलेली असते, त्यांच्या शरीराला ती परकी वाटते. शरीराने तिला हाकलून देऊ नये म्हणून गोळ्या असतात. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, रोज, जन्मभर. एखादी चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण चुकायची सवय लागली तर किडनी जाते, आणि गेलेली किडनी काही परत येत नाही. म्हणून सिस्टर पावणेआठला सुरुवात करायची आणि आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत नऊ घरी फोन व्हायचे. घेतली का, पाण्याबरोबर घेतली का, तोंड उघडून आईला दाखव, हे सगळं एका दमात, दोरीवर कपडे वाळत घालता घालता. नवरा म्हणायचा, लग्न ठरल्यावर मला एवढे फोन केले असतेस तर मी हरखून गेलो असतो. तिची स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी मात्र फ्रिजवर धूळ खात पडलेली असायची. पंधरा गोळ्यांची पट्टी तिला दीड महिना पुरायची. तिच्या डॉक्टरने विचारलं की ती न अडखळता सांगायची, रोज घेते.

आता गंमत अशी की फोन करून मुलांना गोळ्या घ्यायला लावणं हे तिचं कामच नव्हतं. काम नेमकं उलटं होतं. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याची फाइल रस्ता ओलांडून मोठ्यांच्या इमारतीत जायची. रस्ता जेमतेम वीस पावलांचा. इकडे भिंतीवर हत्ती आणि ससे, तिकडे नुसत्या भिंती. इकडे सिस्टर गालाला हात लावून विचारणार, तिकडे टोकनचा नंबर पुकारणार. ती वीस पावलं मुलांना आपली आपण टाकता यावीत, आपल्या दुखण्याबद्दल आपल्या तोंडाने बोलता यावं, आपल्या गोळ्या आपण घेता याव्यात, यासाठी त्यांना तयार करायला हॉस्पिटलने हिला नेमलं होतं. दारावर पाटी लावली होती, 'संक्रमण समन्वयक'. ती वाचून निम्मे पालक तोंडाला रुमाल लावूनच आत यायचे.

दर बुधवारी तिचा वर्ग असायचा आणि त्यात ती आधी आयांना फैलावर घ्यायची. कारण आया बोलायच्या कशा, तर "आम्हाला कालपासून लघवी कमी होतेय" नाहीतर "आम्ही सकाळची गोळी ओकून टाकली." सिस्टर कमरेवर हात ठेवून विचारायची, तुम्ही ओकलात की तो ओकला? त्याला तोंड दिलंय ना? मग त्याला बोलू द्या आणि तुम्ही बाहेर बसा. आया मुकाट्याने बाहेर जाऊन बसायच्या. मग आत ती मुलाला विचारायची, सांग बाळा, तुला कुठल्या गोळ्या चालू आहेत? बाळाने तोंड उघडायच्या आत उत्तरही तीच देऊन टाकायची. आणि दुपारी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये काळजीने सांगायची, "आमचं क्रिएटिनिन परत वाढलंय हो." क्रिएटिनिन म्हणजे किडनी कितपत काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा. एका नव्या डॉक्टरने तर तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, सिस्टर, तुमचंही ऑपरेशन झालंय का?

हे सगळं हसण्यावारी न्यावं असं तिलाही वाटतं. पण त्यामागे लंबू होता. लंबू म्हणजे तिने रस्त्यापलीकडे पाठवलेला पहिला मुलगा. हातात फाइल दिली, पाठीवर थाप मारली, आता तू मोठा झालास म्हणाली आणि काम फत्ते झालं म्हणून मोकळी झाली. तो त्या इमारतीत अकरा महिने गेलाच नाही. टोकन कुठे घ्यायचं ते कळेना आणि विचारायची लाज वाटली, एवढंच कारण. घरातल्या गोळ्या संपल्या, तरी त्याला वाटलं, बरंच तर वाटतंय. शेवटी त्याला स्ट्रेचरवरून आणला. आईने दिलेली किडनी गेली होती. आता तो आठवड्यातून तीनदा त्याच इमारतीत डायलिसिसला येतो, आणि खिडकीतून सिस्टर दिसली की हात हलवतो. तीही हलवते. भोंगा वाजायला लागला तो तेव्हापासून. तिने कुणाची परवानगी घेतली नाही की कुणाला सांगितलं नाही.

आणि मग चिमणीची पाळी आली.

चिमणी नवव्या वर्षी पहिल्यांदा आली तेव्हा सोळा किलोची होती, म्हणून चिमणी. आता ती सिस्टरपेक्षा वीतभर उंच झाली होती, कॉलेजात जात होती, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. तिला किडनी दिली होती बापाने. बाप शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. लेकीच्या प्रत्येक कपड्याला तो आतून एक चोरखिसा शिवायचा, गोळ्यांची डबी मावेल एवढा. आई सकाळी सहालाच कामावर जायची, त्यामुळे आठची जबाबदारी मास्तरांकडे. ते तोंडाने आठवण करायचे नाहीत, नुसते खोकायचे. क्लिनिकमध्ये आले की ते लेकीच्या आधी किडनीची विचारपूस करायचे. "सिस्टर, आमची कशी आहे?" चिमणीही तिला बाबांचीच म्हणायची. बाबांची किडनी बरी आहे, बाबांच्या किडनीला पाणी कमी पडलं. त्या तिघांच्या घरात ती चौथं माणूस होऊन राहिली होती.

दर महिन्याला एकदा औषधाचं रक्तातलं प्रमाण तपासायचं असतं आणि त्याचा नियम एकच. आधी रक्त, मग गोळी. त्या दिवशी गोळीला थोडा उशीर झाला तरी चालतो, पण ती रक्ताआधी पोटात गेली की आकडा उगाचच फुगतो. डॉक्टरला वाटतं औषध जास्त होतंय, तो डोस कमी करतो, आणि किडनीचं संरक्षण जातं. मुलांच्या विभागात हा नियम कुणाला लक्षात ठेवावाच लागला नाही, कारण सिस्टर स्वतः साडेसातला रक्त काढायची आणि आठच्या ठोक्याला स्वतःच्या हाताने गोळी द्यायची. मूल समोर बसलेलं असायचं, त्यामुळे त्या दिवशी त्याच्या घरी फोन करायचा प्रश्नच नव्हता. नियम तिच्या हातांना पाठ होता. डोक्याला कधी त्रास द्यावा लागला नव्हता, आणि तेच पुढे नडलं.

वर्षभर दर बुधवारी चिमणीची तालीम चालली. सिस्टर मोठ्यांची डॉक्टर व्हायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळाला आठ्या, आवाज जाडाभरडा. "हं, काय त्रास होतोय तुला?" चिमणी सांगायला लागली की डॉक्टरीणबाईंचे ओठ आपोआप हलायचे, पुढचा शब्द पुरवायला. एकदा चिमणी मध्येच थांबली आणि गंभीरपणे म्हणाली, सिस्टर, तिकडच्या डॉक्टरसुद्धा असे ओठ हलवतील का? सिस्टरने त्या दिवशी तालीम लवकर आटोपली.

मग तो फॉर्म आला. मूल तयार आहे की नाही ते ठरवणाऱ्या दहा ओळी, प्रत्येकीपुढे हो किंवा नाही लिहायचं. पाच ओळी सिस्टरने झरझर भरल्या. सहावी होती, 'कुणी आठवण न करता औषधं वेळेवर घेते.' तिथे पेन थांबलं. खरं उत्तर असं होतं की तिला माहीतच नव्हतं. किडनी बसवल्यापासूनच्या सहा वर्षांत माहीत करून घ्यायला तिने एक सकाळ शिल्लक ठेवली नव्हती. पण 'माहीत नाही' लिहायला फॉर्मवर जागा नव्हती, आणि 'नाही' लिहिलं असतं तर विभागाचे मोठे डॉक्टर भुवया उंचावून विचारणार, मग वर्षभर तुम्ही केलंत काय? तिने 'हो' लिहिलं. नववी ओळ होती, 'डॉक्टर किंवा नर्सचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगू शकते.' असलं कुणाला कशाला हवंय, असं पुटपुटत तिने ती कोरीच सोडली. आणि तळाला, शेऱ्याच्या जागी, आपल्या गोल गरगरीत अक्षरात लिहिलं, 'ही मुलगी कधीच चुकत नाही.' खाली दोन रेघाही मारल्या. तेव्हा तिला वाटलं होतं की आपण चिमणीची स्तुती करतोय.

मोठ्यांच्या इमारतीतली पहिली तारीख मंगळवारची मिळाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, सव्वानऊला रक्त, डॉक्टर दुपारी अडीचला. सिस्टरने आठवडाभर आधी स्वतःला बजावून ठेवलं होतं की त्या दिवशी आपण नाक खुपसायचं नाही. फोन नाही, रस्ता ओलांडणं नाही. मंगळवार उजाडला. पावणेआठला तिने फोन हातात घेतला, एकामागून एक आठ घरं झाली, आणि बोटाने सवयीप्रमाणे नववं घर लावलं. ती सांगते, मला वाटतं तेव्हा माझं डोकं अजून अंथरुणातच होतं.

"घेतली का?"

पलीकडे डबी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चिमणे, घेतली का?"

"नाही अजून. सिस्टर, आज..."

"आज काय आज? आठ वाजून तीन मिनिटं झाली. मोठ्यांकडे जायचा दिवस आणि आजच उशीर? मास्तर कुठे आहेत? घे आधी, मी फोन धरते."

मागे मास्तर खोकल्याचा आवाज आला. मग ग्लास ठेवल्याचा.

"घेतली," चिमणी म्हणाली.

"शहाणी माझी," म्हणून सिस्टरने फोन ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन कामाला निघाली.

दुपारी दोनला तिला रस्त्यापलीकडे एक रिकामी फाइल नेऊन देण्याचं अतिशय तातडीचं काम निघालं. ते कुणी सांगितलं होतं ते विचारू नका. मोठ्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका बाकावर मास्तर बसले होते. गळ्यातली टेप काढायची राहिली होती. त्यांच्या शेजारी चिमणी, मांडीवर फाइल. दारावर एक मावशी होत्या. नंबर पुकारायचा आणि नातेवाइकांना हुसकवायचं, ही दोन्ही कामं त्या एकाच आवाजात करत होत्या. सिस्टरला बघून मास्तरांना हायसं वाटलं. चिमणीने नुसतं बघितलं. अडीचला तिचा नंबर आला, ती उठली, ओढणी सारखी केली आणि एकटी आत गेली.

सिस्टर बाकावर टेकली. समोरच्या भिंतीवर एक सूचना चिकटवली होती, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळवंडलेली. सवयीने ती वाचायला लागली. 'औषधाच्या तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी सकाळची गोळी घेऊ नये.' अक्षर ओळखीचं वाटलं. गोल गरगरीत. बारा वर्षांपूर्वी तिनेच ती सूचना आपल्या विभागासाठी लिहिली होती, आणि इकडच्या लोकांनी एक प्रत मागून नेली होती.

ती सांगते, स्वतःच्या अक्षराने माणसाच्या थोबाडीत बसते ती फार जोरात बसते.

सकाळचा फोन, चिमणीचं ते अर्धवट राहिलेलं 'आज', सगळं एकदम समोर आलं. तिने मास्तरांचा हात धरला. म्हणाली, मास्तर, सकाळी ती गोळी घेत नव्हती ना? मास्तर म्हणाले, हो, डबी बाजूला ठेवून बसली होती, म्हणत होती बाबा आज नंतर. मी पण दोनदा खोकलो. मग तुमचा फोन आला तेव्हा मला धीर आला. सिस्टरने त्यांना समजावून सांगितलं की आपण दोघांनी मिळून काय करून ठेवलंय. आकडा फुगून येणार, डोस कमी होणार. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते एकच बोलले, "आमची जाईल का हो?"

दोघंही उठून दाराशी गेले. दार नीट लागत नव्हतं म्हणून मावशींनी त्यात कागदाची घडी खुपसली होती, आणि फटीतून आतलं स्पष्ट ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज मुळीच जाडाभरडा नव्हता. घाईचा होता, पण नीट होता, आणि त्या चिमणीला तुम्ही म्हणत होत्या. जन्मात तिला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. तालमीत सिस्टरला हे सुचलंच नव्हतं.

"लेव्हल बरीच जास्त आलीय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून डोस निम्म्यावर आणू."

सिस्टरने दाराची कडी धरली. सत्तावीस वर्षं आयांना सांगितलेलं 'बाहेर बसा' तिच्या कानात वाजत होतं आणि हात कडीवरून निघत नव्हता.

"कमी करू नका," चिमणी म्हणाली.

"का?"

"तो आकडा खरा नाही. रक्त सव्वानऊला दिलं आणि गोळी मी आठ वाजून चार मिनिटांनी घेतली होती."

"आधी रक्त द्यायचं असतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग असं कसं झालं? तुमच्या फाइलवर तर लिहिलंय, ही मुलगी कधीच चुकत नाही. ते वाचून मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

सिस्टरला वाटलं, आता आपलं नाव येणार. यायलाच हवं होतं.

"आज चुकले," चिमणी म्हणाली. "परवा परत रक्त घ्या. तोपर्यंत डोस आहे तोच ठेवा. किडनी माझी आहे, डॉक्टर. मला ती घालवायची नाही."

मास्तर मागे सरले आणि बाकावर जाऊन बसले. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ऐकलंत? माझी म्हणाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसतही होते.

सिस्टरला तिथेच मूग गिळून बसता आलं असतं. पोरीने तिला वाचवलं होतं. फॉर्म सुरक्षित, दोन रेघा सुरक्षित, रुबाब सुरक्षित. चिमणीच्या नावावर एक चूक जमा झाली असती, बस. सिस्टर प्रामाणिकपणे सांगते की ती चांगलं अर्धा मिनिट बसली. मग तिला स्वतःचीच किळस आली आणि ती दाराकडे वळली. मावशी आडव्या आल्या. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. सिस्टर म्हणाली, मी नातेवाईक नाही. मग कोण? तिने मावशींच्या हाताखालून वाकून दार ढकललं.

"डॉक्टर, चूक तिची नाही, माझी आहे. मी फोन करून तिला गोळी घ्यायला लावली. सहा वर्षं रोज करते. त्या फॉर्मवर सहाव्या ओळीत मी 'हो' लिहिलंय, ते मला काही माहीत नसताना लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, आपण कोण? सिस्टरने हुद्दा सांगितला. संक्रमण समन्वयक. तो हुद्दा एवढा हास्यास्पद तिला याआधी कधीच वाटला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी फाइल तिच्यापुढे सरकवली, पेन दिलं, म्हणाल्या, मग खोडा. सिस्टरने तळाचा शेरा खोडला. खाली दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, त्यामुळे वाक्य खोडलेलं दिसायला बराच जोर लावावा लागला.

"आता तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझं पेशंटशी बोलणं राहिलंय."

ती बाहेर बसली. मावशींनी तिला सरकून जागा करून दिली.

चिमणी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गुरुवारच्या रक्ताची चिठ्ठी होती आणि डोस होता तोच होता. मास्तर चिठ्ठी वाचायला लागले. सिस्टरने चिमणीला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, माहीत होतं तर घेतलीस कशाला?

"तुम्ही सांगितलंत म्हणून," चिमणी म्हणाली. "मला वाटलं, सिस्टर सांगतायत म्हणजे मलाच चुकीचं आठवत असेल."

चिमणीने मग तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जरा अवघडून. गेली दोन वर्षं ती रोज आठला पाच कमी असतानाच गोळी घेत होती. सिस्टरचा फोन यायचा तेव्हा ती घेऊन झालेली असायची. बाबा खोकायचे तेव्हाही. मग सांगितलं का नाहीस, असं सिस्टरने विचारलं, तर चिमणी म्हणाली की तुम्हाला दोघांना बरं वाटायचं. म्हणजे सहाव्या ओळीतलं 'हो' खरंच निघालं होतं. सिस्टर म्हणते, मी खोटं बोलले होते आणि तेसुद्धा मला धड जमलं नाही.

"फोन हवं तर करा," चिमणी शेवटी म्हणाली. "मी बोलेन तुमच्याशी. पण तुम्ही सांगितलं म्हणून मी आता काही करणार नाही."

सिस्टरला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, ते ती लपवत नाही. नऊ वर्षांची असताना सुई बघून जिने तिच्या दंडाला चावा घेतला होता, ती पोर तोंडावर सांगत होती की मी तुझं ऐकणार नाही. रस्ता ओलांडून ती आपल्या खोलीत आली, पाटीखालून आत गेली, दार लावलं आणि चांगली पाच मिनिटं रडली. मग नाक पुसून फॉर्मची आपल्याकडची प्रत काढली. नववी ओळ कोरीच होती. डॉक्टर किंवा नर्सचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगू शकते. तिने तिच्यापुढे 'हो' लिहिलं. रेघ मारली नाही.

गुरुवारी सकाळी तिने पावणेआठला फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, मी कितीही मागितला तरी देऊ नकोस. धाकट्या मुलांचे फोन त्यानेच केले, तिने लिहून दिलेल्या कागदावरून, इतक्या अदबीने की दोन आयांना वाटलं बँकेतून आलाय. आठ वाजले. आठ वाजून पाच झाले. तिने तोच टॉवेल तीनदा वाळत घातला. नवऱ्याने विचारलं, देऊ का? ती खेकसली, गप्प बस.

सव्वानऊला मोठ्यांच्या इमारतीच्या लॅबमध्ये एक सिस्टर हातात रिकामा ट्रे घेऊन खांबाआड उभी होती. रांगेत चिमणी होती, बाही वर केलेली, टोकन बोटात. मास्तर बरोबर नव्हते. रक्त घेणाऱ्याने मान वर न करता विचारलं, सकाळची गोळी घेतली का? ती म्हणाली, नाही, रक्त झाल्यावर. सुई गेली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. कापूस दाबून धरला, बाकावर बसली, चोरखिशातून डबी काढली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, डबी परत ठेवली आणि घड्याळ बघत कॉलेजला निघून गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सिस्टरला फार वाटत होतं की तिने पाहावं.

ती रिकामा ट्रे घेऊन रस्त्याला लागली. वरच्या खिडकीतून लंबूने हात हलवला, तिनेही ट्रे हलवला. आनंदही झाला होता आणि छातीत जरा धडधडतही होतं. ती आनंदाची धडधड असावी असं समजून ती अर्धा रस्ता आली, आणि मग तिला आठवलं की आपण ब्लडप्रेशरची गोळी घेतलेली नाही. आज नाही, कालही नाही. तिला कुणी फोन केला नव्हता.